केळशीची वाळू

सोलापूर जिल्ह्यातील माणसाने ‘वाळवंट’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे मारवाड उभा राहत नाही, पंढरपूर उभे राहते. चंद्रभागेच्या पात्रातील वाळू, तेथील कीर्तने आणि आषाढीची गर्दी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आम्हांस लहानपणापासून ठाऊक. वाळूची टेकडी असते आणि ती समुद्राकाठी, नारळी-पोफळींच्या शेजारी असते, असे सांगितल्यास आमच्याकडे कोणी चटकन विश्वास ठेवणार नाही. म्हणून या महिन्यात वाचकांस रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील केळशीस नेण्याचे योजिले आहे.

सोलापुराहून निघून हे एका दिवसात साधावयाचे नाही. पुण्यावरून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मंडणगड या वाटेने दापोलीस जावे व तेथे मुक्काम करावा. दापोलीहून मात्र सकाळी लवकर निघाल्यास केळशी, आंजर्ले आणि हर्णै पाहून दिवेलागणीस परत येता येते. मुलाबाळांसह सात-आठ माणसे असल्यास एक गाडी पुरते. डबा बरोबर नेण्याचे कारण नाही. केळशीत घरगुती जेवण मिळते, आगाऊ निरोप मात्र धाडावा.

किनाऱ्याच्या टोकास, भारजा नदी जेथे सागरास मिळते तेथे, ही टेकडी आहे. उंची पन्नास फुटांहून अधिक. संस्कृतात वाळूस सिकता म्हणतात आणि वाळूच्या उंचवट्यास सैकत. हा शब्द मुलांस अनेक वर्षे शिकविला होता. त्याचा चढ पायांस त्या दिवशी कळला. दोन पावले वर जावे, तो एक पाऊल खाली घसरावे! पायथ्याशी जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. तिची पाने आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली. हिचे नाव मर्यादवेल. उडू पाहणाऱ्या वाळूस मुळांच्या जाळ्यात धरून ठेवणे हेच हिचे काम. हे नाव ज्या कोणी ठेविले त्यास आमचा नमस्कार असो.

“आजोबा, एवढी वाळू इथे कोणी आणून टाकली?” असे नातीने विचारले. सामान्यतः अशा टेकड्या वारा रचितो. पावसाळा सरला की किनाऱ्याची वाळू सुकते, दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, कण उड्या मारीत जमिनीकडे सरकतात आणि झुडूप आडवे आले की तेथे थबकतात. परंतु केळशीच्या टेकडीविषयी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधक डॉ. अशोक मराठे यांनी निराळे मत मांडले आहे. टेकडीच्या पोटात सापडलेल्या जुन्या वस्तीच्या खुणा अभ्यासून, ही वाळू मुख्यतः एका प्रचंड सागरी लाटेने आणून टाकली असावी असे त्यांचे म्हणणे. त्यास पोर्तुगीज बखरींचा आधार मिळतो. 1524 च्या सप्टेंबरात वास्को द गामाचे आरमार येथून दक्षिणेस दाभोळच्या जवळपास असता, वारा नसताना समुद्र एकाएकी खवळला, असे त्यांत नमूद आहे. जेथे नातवंडे घसरगुंडी खेळत होती, तेथे एके काळी कोणाची चूल पेटत असेल, हा विचार मनास चटका लावून गेला.

जेवणानंतर एका वृद्ध बागाईतदारांच्या अंगणात बसलो. 3 जून 2020 रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या पट्ट्यातील बागा भुईसपाट केल्या. ते म्हणाले, “गुरुजी, पोफळ लावली की सात-आठ वर्षांनी हाताशी येते. माझे वय आता अठ्ठ्याहत्तर. तरी लावली आहे.” त्यांच्या विहिरीचे पाणी आम्ही प्यालो. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि पाणी गोड! यात चमत्कार नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्यावर तरंगत राहते. गोडे पाणी समुद्राच्या पातळीच्या एक फूट वर असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस फूट गोडेच असते, असे शास्त्र सांगते. वाळू उपसून ती वरची पातळी एक फूट उतरली, तर खालून चाळीस फूट खारे पाणी चढते. मुलांच्या गणिताच्या पुस्तकात घालावे असे हे उदाहरण आहे.

किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांत फेरफार करण्यास केंद्र सरकारच्या 1991 च्या अधिसूचनेनेच मनाई केली होती, आणि 2019 च्या नव्या अधिसूचनेतही त्यांस अत्यंत संवेदनशील वर्गात ठेविले आहे. असे असता सागरी महामार्गाच्या पुलासाठी केळशीच्या टेकडीचा काही भाग कापला गेला. पूल नको, असे कोण म्हणेल? बाळंतिणीस वेळेवर दवाखान्यात न्यावयाचे तर पूल हवाच. पण रस्त्यास थोडे वळण देता आले असते की नाही, हा प्रश्न कापलेली कड पाहून मनात येतोच.

परतताना आंजर्ल्यास कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घेतले. मूळ देऊळ खाली समुद्राकाठी होते, पाणी आत आले म्हणून देव वर नेला, अशी तेथील परंपरा आहे. हर्णैस मासळीचा लिलाव चालतो. आमच्या मंडळींनी तो दुरूनच पाहिला आणि पाण्यातील सुवर्णदुर्गाकडे मोर्चा वळविला. शेजारी मुरूड, महर्षी कर्व्यांचे गाव. येथून ते परीक्षेसाठी पायी साताऱ्यास गेले होते, हे नातवंडांस सांगितले. त्यांनी गाडीत पंखा वाढविण्यास सांगितले.

आता घरची गोष्ट. पुतण्यास माडीवर दोन खोल्या चढवावयाच्या आहेत, आणि त्याने भीमेच्या वाळूचा भाव काढून ठेविला आहे. भीमेच्या पात्रातील वाळूही पाणी धरून ठेवते. ती उपसली की काठच्या विहिरी लवकर आटतात. केळशीहून आल्यावर मी त्यास दगडाच्या चुऱ्याची वाळू वापर असे सुचविले. “काका, गिलावा तितका गुळगुळीत येत नाही,” असे तो म्हणाला. गवंड्यास रविवारी बोलाविले आहे.