शून्य निकालाचे सोयीचे अर्थ

ऑगस्ट २०२४ मध्ये लक्स-झेप्लिन प्रयोगाने २८० दिवसांच्या निरीक्षणांचा निकाल जाहीर केला. अमेरिकेतील साउथ डाकोटात, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर ठेवलेल्या द्रवरूप झेनॉनच्या टाकीत कृष्णद्रव्याच्या कणाचा मागमूस नव्हता. मन फसवू नये म्हणून या गटाने नव्या नोंदींत बनावट संकेत मिसळले होते. प्रयोगशाळेच्या बोलीत याला ‘मीठ टाकणे’ म्हणतात. आकडे तपासताना डोळ्यांवर अशी पट्टी बांधली जाते; त्यांचा अर्थ लावताना मात्र ती कोणीच बांधत नाही.

इटलीतील ‘डामा’ प्रयोग सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांत दर उन्हाळ्यात वाढणारा संकेत दिसल्याचे १९९० च्या दशकापासून सांगत आला आहे. झेनॉनच्या शोधकांना काहीच दिसले नाही, तेव्हा ‘आमचा अणू वेगळा’ हा डामाच्या बाजूचा युक्तिवाद बहुतेकांना पळवाट वाटला. स्पेनच्या ‘अनाइस’ला आणि दक्षिण कोरियाच्या ‘कोसाइन’ला त्याच स्फटिकांत तो संकेत आढळला नाही, आणि ही शंका रास्त ठरली. हीच कसोटी विम्पला, म्हणजे अतिशय क्षीण अभिक्रिया करणाऱ्या जड कणाला, का लागू नाही? झेड बोसॉनमार्फत अणुकेंद्रावर आदळणारा जड कण प्रयोगांनी केव्हाच बाद केला. मग हिग्जमार्फत आदळणारा पुढे आला. आता मर्यादा दहाच्या उणे ४८ व्या घाताइतक्या चौरस सेंटिमीटरपर्यंत उतरली, तरी ‘शोधक्षेत्र अरुंद झाले’ एवढेच ऐकू येते. परक्याच्या दाव्याचे खंडन होते, स्वतःच्या सिद्धान्तावर फक्त मर्यादा येते!

‘कृष्णद्रव्य नाहीच’ असे मथळे देणारेही तितकेच बेफिकीर. ही मर्यादा सूर्याच्या परिसरात दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.३ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट कृष्णद्रव्य आहे, या गृहीतावर उभी आहे. घनता निम्मी धरली, तर मर्यादा दुपटीने सैल होते. शिवाय दीर्घिकांचे भ्रमण आणि वैश्विक पार्श्वप्रारण यांतून मिळालेला पुरावा झेनॉनच्या टाकीने खोडला जात नाही.

हा प्रश्न भारतालाही लागू आहे. झारखंडमधील जादुगुडा खाणीत, ५५५ मीटर खोलीवर, साहा इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांचा ‘इन्डेक्स’ प्रयोग अतितप्त द्रवाच्या थेंबांत बुडबुडा उठण्याची वाट पाहतो. त्याच्या पुढच्या टप्प्यासाठी निधी मागताना प्रस्तावात एक परिच्छेद सक्तीचा असावा: काहीच न दिसल्यास नेमके कोणते प्रारूप सोडून दिले जाईल, आणि कोणत्या गृहीतांवर. तो परिच्छेद पहिली नोंद हाती येण्यापूर्वी प्रसिद्धही व्हावा.