घरांतील मुद्रा

नोकरी करणारा मनुष्य सायंकाळीं घरीं परतला, कीं कचेरी मागें राहात असे. २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी झाली आणि हा जुना नेम मोडला. टाळेबंदी उठली, तरी आमच्या परिचयाच्या कित्येक घरांत मुलगा, मुलगी अथवा सून आठवड्यांतून कांहीं दिवस घरूनच काम करितात. अशा घरांत एक नवा रुसवा आमच्या पाहण्यांत येतो. आजोबांस रेल्वेचें तिकीट काढावयाचें असतें, नातवास खेळ खेळावयाचा असतो, समोर उत्तम संगणक असतो, आणि सून नम्रपणें पण निश्चयानें म्हणते, "हा कचेरीचा आहे, बाबा, याला व्हीपीएन आहे." वडिलांस वाटतें, आपल्यावर अविश्वास दाखविला. हा समज कितपत योग्य आहे, तें आज पाहूं.

व्हीपीएन म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. आपण त्यास खाजगी वाट म्हणूं. कंपनीचे हिशेब व गिऱ्हाइकांचीं कागदपत्रें तिच्या अंतर्गत जाळ्यांत, कोट घातलेल्या वाड्यांत ठेवावीं तशीं असतात. घरापासून त्या वाड्यापर्यंतचा रस्ता मात्र इंटरनेटचा, म्हणजे सार्वजनिक. घरचा संगणक प्रथम कोटाच्या दारावरील यंत्रास आपली ओळख पटवितो. मग दोघे मिळून गुप्त किल्ली ठरवितात आणि पुढील प्रत्येक मजकूर त्या किल्लीनें कुलूपबंद करून, दुसऱ्या लखोट्यांत घालून पाठवितात. वाटेवरील तिऱ्हाइतास लखोटा दिसतो, तो कोठें चालला हेंही कळतें. आंतील मजकूर त्यास वाचतां येत नाहीं. परिणाम असा, कीं सदाशिव पेठेंतील माजघरांत ठेवलेला संगणक व्यवहारतः त्या कोटाच्या आंत जाऊन बसतो.

येथेंच मेख आहे. ही व्यवस्था वाट राखते. परंतु वाटेच्या टोकाशीं बसलेलें माणूस कोण, हें तिला पासवर्डासारख्या खुणांवरूनच ओळखावें लागतें. अमेरिकेंतील कोलोनियल पाइपलाइन ही कंपनी टेक्सासपासून न्यूयॉर्कच्या बंदरापर्यंत सुमारें ८,८५० किलोमीटर लांबीच्या नळांतून इंधन वाहून नेते. ७ मे २०२१ रोजीं खंडणीखोरांनीं तिच्या संगणकांतील माहिती कुलूपबंद केल्याचें उघडकीस आलें, आणि कंपनीस नळ बंद करावे लागले. ते १२ मे रोजीं पुन्हा सुरू झाले. तोंपर्यंत कित्येक गांवीं पेट्रोलसाठीं रांगा लागल्या होत्या. कंपनीनें ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें ४४ लाख डॉलर, खंडणी भरली. चोर शिरले कोठून? वापरांत नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यांतून. त्या खात्यास पासवर्डाखेरीज दुसरी कोणतीही खूण विचारली जात नव्हती. वाट मजबूत होती. किल्ली परक्याच्या हातीं गेली होती.

विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकांतील कथाबीज नेमकें हेंच आहे. अमात्य राक्षस आपलें कुटुंब चंदनदासाच्या घरीं ठेवतो. बाहेर धांवणाऱ्या बालकास आवरतांना राक्षसपत्नीच्या बोटांतून मुद्रा गळून पडते. पुरुषाच्या बोटाच्या मापाची ती मुद्रा तिच्या बोटांत सैल होती. ती चाणक्याच्या हेरास सांपडते, आणि तिचा शिक्का मारलेलें कपटपत्र मलयकेतूचा राक्षसावरील विश्वास उडवितें. घरांत द्वेष कोणाचाच नव्हता. एका बोटाची मुद्रा दुसऱ्या बोटांत होती, एवढेंच. म्हणून सून संगणक देत नाहीं, तेव्हां ती वडिलांचा अनादर करीत नाहीं. परक्याची ठेव राखते. ठेवीस हात न लावण्याची शिकवण आपणच तिला व आपल्या मुलांस दिली आहे.

मग घरच्यांनीं काय करावें? कचेरीचा संगणक मागूं नये व उघडा दिसला तरी वापरूं नये. यांत आपलेंही हित आहे. कारण व्हीपीएन चालू असतां पुष्कळ कंपन्यांत त्या संगणकाची सर्व ये-जा कंपनीच्या यंत्रांतून होते व तिची नोंद राहूं शकते. आपला बँकेचा व्यवहार किंवा दवाखान्याचे कागद तेथें उघडणें शहाणपणाचें नव्हे. पासवर्ड कागदावर लिहून भिंतीस चिकटवूं नये. हल्लीं पासवर्डाबरोबर मोबाइलवर येणारे अंकही विचारतात. "कचेरींतून बोलतों" म्हणून कोणीं कितीही गोड बोलून ते मागितले, तरी सांगूं नयेत. आणि मुलानें किंवा सुनेनें नोकरी सोडली, म्हणजे संगणक परत केला काय, एवढेंच न विचारतां, व्हीपीएनचें खातें बंद झालें काय, हेंही आठवणीनें विचारावें.