नोंद नसलेला प्रवासी

१५ एप्रिल २०२३ रोजी सुदानची राजधानी खार्तूम येथे सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई जुंपली. त्याच आठवड्यात दुर्ग येथील आमचे एक शेजारी माझ्याकडे आले. मूळचे वर्ध्याचे, भिलाई पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगा खार्तूमला एका खाजगी कंपनीत अभियंता. तीन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. "साहेब, अर्ज कुणाकडे करायचा?" एवढेच त्यांनी विचारले. प्रशासनात उभी हयात घालवूनही मला चटकन उत्तर देता आले नाही.

ज्या कार्यालयात आम्ही गेलो, तेथे परदेशी गेलेल्यांची नोंदवहीच नव्हती. लिपिकाने सहानुभूतीने मुलाचे नाव कोऱ्या कागदावर उतरवून घेतले.

१९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाखालील व्यवस्था मोठी गमतीची आहे. दहावी उत्तीर्ण नसलेला कामगार सुदान वा लिबियात निघाला, तर त्यास उत्प्रवास संरक्षकाची अनुमती लागते; पर्यायाने त्याचे नाव आणि मालकाचा पत्ता शासनदरबारी राहतो. शिकलेल्यास ही अट नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशा १८ देशांत नोकरीस जाणाऱ्या सुशिक्षितांनाही १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी सक्तीची केली होती. ओरड झाली आणि त्याच महिन्यात निर्णय स्थगित झाला. त्या ओरडीत मीही मनाने सामील होतो, हे कबूल केले पाहिजे.

आज माझे मत वेगळे आहे. अनुमती नको, पण नोंद सक्तीची हवी आणि तिची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे हवी. नोंदीची अनुमती कधी होऊन बसते हे आपल्याकडे कळत नाही, ही भीती मात्र खरी आहे.

२४ एप्रिलपासून 'ऑपरेशन कावेरी'ने ३,८६२ जणांना सोडवून आणले. खार्तूम ते पोर्ट सुदान हा सुमारे ८५० किलोमीटरचा रस्ता बसने, पुढे जहाजाने वा विमानाने जेद्दा. हे काम थोर होते, यात शंका नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाने एका सहकाऱ्याच्या फोनवरून दूतावासाकडे नाव कळवले, म्हणून त्यास बसमध्ये जागा मिळाली. सहकाऱ्याचा फोन चालू होता, हा योगायोग.

आता तो पुन्हा आफ्रिकेत निघाला आहे, दुसऱ्या देशात. दूतावासात नाव नोंदवले का, असे मी विचारले.

वडील संकोचून म्हणाले, "तिथे पोचल्यावर करतो म्हणाला."