आत्मवृत्त कोणी लिहावे?

आत्मचरित्र थोरामोठ्यांनी लिहावे आणि इतरांनी ते वाचावे, अशी समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. शाळेत ‘आत्मकथन’ हा निबंधप्रकार शिकविताना आम्ही फाटक्या पुस्तकाला, जुन्या छत्रीला, वठलेल्या झाडाला बोलते करतो. परंतु घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला ‘आपले आयुष्य लिहून काढा’ असे सांगावे, हे आम्हांला वर्षानुवर्षे सुचले नाही. दोन वर्षांपूर्वी ते सुचले. त्यातून जे कळले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

शहापूरला आमची आत्या राहते. वय ऐंशीच्या उंबरठ्यावर, स्मरण लख्ख. एका दिवाळीत आम्ही तिच्या हाती दोनशे पानी वही ठेवली. ती हसून म्हणाली, “अरे, माझ्यापाशी लिहिण्याजोगं काय आहे? मला कुठं बुद्धी होती? सातवीत शाळा सुटली ती सुटलीच.” हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. ‘आत्याला अभ्यासाचे वावडे’ ही आमच्या घरातली नेहमीची थट्टा. तीत आम्हीही सामील होतो, हे कबूल केले पाहिजे.

संक्रांतीपर्यंत तिने वीस पाने लिहिली. त्यांत आजोबा होते, आजी होती, आमचे वडील होते, यजमान होते. आत्या मात्र नव्हती. हे वाचताना आम्हांला रमाबाई रानडे यांची आठवण झाली. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. ते मुख्यतः न्यायमूर्तींविषयी आहे, असेच त्या स्वतःही म्हटल्या असत्या. तथापि घरातील बायकांचा रोष सोसून लिहायला-वाचायला शिकणारी एक मुलगी त्या पुस्तकात पानोपानी भेटते. दुसऱ्याविषयी लिहिता लिहिता माणूस आपल्यापाशी येतो तो असा.

आम्ही आत्याला एवढेच म्हणालो, “आता शाळेचे लिही. बाई कोण, बाक कुठला, शेजारी कोण बसे.” पंधरा दिवसांनी तिने वही पुढे केली. गणितात तिचा पहिला क्रमांक येत असे. १९६० साली ती सातवी उत्तीर्ण झाली, तेव्हा वर्गाच्या बाई घरी येऊन ‘हिला हायस्कुलात घाला’ म्हणून आजोबांना विनवून गेल्या होत्या. आमचे वडील तेव्हा हायस्कुलात शिकत होते. पेढीवरच्या कारकुनाच्या पगारात दोघांची फी निघणे शक्य नव्हते. पुढे पाहुण्यांना काही सांगावे लागे, म्हणून आजी म्हणू लागली, ‘हिला अभ्यास झेपत नाही.’ ऐकून ऐकून आत्यालाही ते खरे वाटू लागले. आमचे वडील शिकले, म्हणून आम्ही एम. ए. झालो. त्या शिक्षणाची फी कोणी भरली, हे आम्हांला पन्नाशी उलटल्यावर कळले.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली आत्मप्रतिष्ठेचे एक साधे सूत्र मांडले: मिळालेले यश भागिले मनी बाळगलेली आकांक्षा. यश वाढत नसेल, तर आकांक्षा सोडून दिल्यानेही मनाला स्वस्थता लाभते, असे तो म्हणतो. आत्याने हेच केले होते. ‘मला बुद्धीच नव्हती’ म्हटले की शाळा सुटल्याचे दुःख उरत नाही. मात्र ह्या स्वस्थतेसाठी तिला जन्मभर स्वतःला कमी लेखावे लागले.

म्हणून आम्हांला वाटते, आत्मवृत्त लिहिल्याने स्वतःविषयीचा आदर वाढतो तो पराक्रमांची यादी केल्यामुळे नव्हे. इतरांनी आपल्याविषयी सांगितलेली गोष्ट खरी होती की नाही, हे आपण प्रथमच तपासून पाहतो, त्यामुळे तो वाढतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत फजितीचे प्रसंग किती तरी आहेत, आणि बाई स्वतःला हसतातही मनमोकळेपणाने. तरी वाचकाच्या मनात त्यांच्याविषयी आदरच राहतो. कारण त्या हसतात ते स्वतःच्या नजरेने पाहून, दुसऱ्याच्या नव्हे.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली दाखवून दिले, की उतारवयात मागे वळून पाहणे हा वृद्धांचा दोष नसून मनाची स्वाभाविक गरज आहे. मात्र त्यातून काहींना समाधान लाभते, तर काहींना पश्चात्ताप आणि खिन्नता घेरते. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनातले दुःख लिहिले. लिहिल्यावर लगेच त्यांना उदास वाटले. परंतु पुढील सहा महिन्यांत, ज्यांनी घटनेबरोबर भावनाही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. आत्याही ती पाने लिहून झाल्यावर दोन दिवस जेवली नव्हती. तेव्हा वही देऊन मोकळे होऊ नये. लिहिणाऱ्याजवळ बसावे, शुद्धलेखन तपासू नये, आणि घरच्या अब्रूसाठी एखादे पान फाडायला तर मुळीच सांगू नये.

आता तिसरी वही चालू आहे. मागच्या महिन्यात आमची नात अपूर्णांकाची उदाहरणे घेऊन रडत बसली होती. आत्याने चष्मा लावला, पाटी पुढे ओढली आणि म्हणाली, “इकडे ये. गणितात माझा पहिला नंबर असायचा.” घरात कोणीही हसले नाही.

वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी आत्या, काकू किंवा आजोबा असतील. ह्या दिवाळीत त्यांना शालीबरोबर एक कोरी वहीही द्यावी, ही विनंती.