लांबचा नेम दहा मीटरवर शिकवा

जालना एमआयडीसीतल्या एका वाचकाने विचारले आहे: हजार मीटरवर नेम धरायला शिकायचे आहे, रायफल कोणती घेऊ, स्कोप कोणता? शेवटी एक ओळ जोडली आहे. शिवारात रानडुकरे फार झाली आहेत, जमल्यास शिकारही करू. असा प्रश्न तुमच्यापैकी बहुतेक प्रशिक्षकांकडे येत असणार, आणि आपण शिकारीचा भाग हसून सोडून देतो. ते चूक आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार बंद आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराबाबतही निर्णय वन विभागाच्या लेखी आदेशाने होतो, बंदूकवाल्याच्या मर्जीने नाही. छऱ्याच्या बंदुकीने होला पाडणे हीसुद्धा शिकारच. प्रवेशअर्ज भरून घेण्याआधी हे सांगा.

आता अंतराचे. दहा मीटरवरची एक मिलिमीटरची चूक तीनशे मीटरवर तीस मिलिमीटर होते, हजारावर दहा सेंटिमीटर. त्यावर वारा आणि गोळीचा उतार येतो. पाया कच्चा असला, तर गोळी वाऱ्याने गेली की ट्रिगरला हिसका बसल्याने, हे शिकणाऱ्याला उमगतच नाही. तो स्कोपचे क्लिक फिरवत बसतो. मी अशी दोन-तीन चांगली पोरे वाया गेलेली पाहिली आहेत. दहा मीटरवर वारा नसतो. लपायला जागा उरत नाही. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, चूक कोणाची ते तिथे लगेच कळते.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर थ्री पोझिशनचे ऑलिंपिक कांस्य मिळवले, अंतिम फेरीत ४५१.४ गुणांनी. गुडघ्यावर आणि पालथे पडून मारून झाले तेव्हा तो पदकाच्या जागेत नव्हता. उभ्या पोझिशनने त्याला वर आणले. तिथे आधार फक्त स्वतःच्या हाडांचा. ती शिस्त महागड्या काचेतून येत नाही.

जालन्याला त्यासाठी दूर जायला नको. रोलिंग मिलच्या धडधडीपासून बाजूला असलेली एखादी शेड, लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर, त्यावर १५०० लक्सचा प्रकाश, मागे छरा उसळू न देणारा पेलेट-ट्रॅप, आणि लेनमध्ये येणारा एकही दरवाजा उघडा राहणार नाही अशी व्यवस्था. लेथवर मायक्रॉन मोजणाऱ्या हाताला अर्धा मिलिमीटर समजावून सांगावा लागणार नाही. पन्नास मीटरसाठी पुढे पुण्याची बालेवाडी रेंज आहेच. तीनशेचा विचार त्यानंतर.

पहिला महिना छरा देऊ नका. ड्राय फायरिंग, रोज चाळीस मिनिटे, पाळी सुटल्यावर. प्रत्येक वेळी ट्रिगर सुटला तेव्हा साइट कुठे होती, ते वहीत लिहायला लावा. महिन्याने वही मागा, आणि ती वाचल्यावरच रायफलच्या खरेदीचे बोला.