लालोच्या घरची भाकरी

कार्तिक पौर्णिमेला पारशिवनी परिसरातील भाविकांची पावले रामटेकच्या गडमंदिराकडे वळतात. तेथे त्रिपुर पेटविला जातो आणि गावोगावच्या देवळांत महिनाभर चाललेल्या काकड आरतीची सांगता होते. हीच तिथी श्री गुरू नानकदेवांची जयंती म्हणून देशभर साजरी होते. त्याआधी चारच दिवस, कार्तिक शुद्ध एकादशीला, संत नामदेवांची जयंती असते. पंचांगातील हे सान्निध्य योगायोगाचे असेल, ग्रंथातील नाही. गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या ग्रंथात पंढरीच्या या शिंप्याची वाणी आदराने समाविष्ट झाली. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. शेजारी कबीर विणकर आहेत, रविदास चर्मकार आहेत, शेख फरीदही आहेत.

हा मान कोठून आला, हे नानकदेवांच्या चरित्रात दिसते. १४६९ साली तळवंडी येथे जन्मलेल्या, सुलतानपूरच्या कोठारात धान्याचे माप करणाऱ्या या पुरुषाने घर सोडले तेव्हा सोबत रबाब वाजविणारा मर्दाना होता, जन्माने मुसलमान. जनमसाखीतील कथा अशी की, सैदपूर येथे ते लालो नावाच्या सुताराकडे उतरले. गावच्या धनाढ्य मलिक भागोचे जेवणाचे आमंत्रण त्यांनी नाकारले आणि लालोची जाडीभरडी भाकरी गोड मानली. कारण ती घामाची होती. याच सैदपुरावर पुढे बाबर तुटून पडला. त्या संहाराचे दुःख नानकदेवांनी आपल्या वाणीत निर्भयपणे मांडले; भोगात गुंतून प्रजेचे रक्षण विसरलेल्यांनाही सोडले नाही.

उत्तरायुष्यात रावीकाठी कर्तारपूरला ते स्वतः शेती करीत. अन्न सर्वांनी एका ओळीत बसून घ्यायचे, हा तेथला नेम. १५३९ साली देह ठेवण्यापूर्वी श्रीचंद आणि लखमीदास हे दोन पुत्र असताना गादी दिली ती शिष्य लहणा यांना. तेच गुरू अंगददेव. घराण्याच्या वारशाने राजकारणच नव्हे, मठ आणि संस्थाही चालवणाऱ्या आपल्या समाजाला हा निर्णय आजही पचणे कठीण आहे.

नानकदेव आपले आहेत, असे म्हणण्याची आपल्याला मोठी घाई असते. शिखांची स्वतंत्र ओळख कशी समजावी, यावर व्याख्याने झडतात. त्यांनी ज्या पंगतीसाठी आयुष्य वेचले, तिच्याविषयी मात्र आपण कमी बोलतो. लालोच्या घरी ज्याला जेववत नाही, त्याने नानकदेवांवर हक्क सांगावा कोणत्या तोंडाने?

काकड आरतीच्या समाप्तीला गावोगाव काला आणि महाप्रसाद होतो. चूल कोण पेटवतो, पाने कोण वाढतो, कोण शेवटच्या पंगतीसाठी ताटकळतो आणि कोणत्या वस्तीपर्यंत आवतण पोहोचतच नाही, हे प्रत्येक गावाला ठाऊक असते. यंदा ते आवतण घेऊन त्या वस्तीत कोणी जायचे, हे मंडळाच्या बैठकीत पौर्णिमेआधीच ठरले पाहिजे.