हट्टी मूल आणि लोकलचे वेळापत्रक

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील पालकांच्या तोंडी एक तक्रार वारंवार येते. मूल दिवसभर पाळणाघरात शहाण्यासारखे राहते आणि आईने घरात पाऊल टाकताच आकांडतांडव करते. ‘लाडाने बिघडले,’ असा निकाल देऊन शेजारीपाजारी मोकळे होतात. आमच्या मते हा निकाल घाईचा आहे. तीन वर्षांच्या मुलाला राग येतो. तो आवरण्याचे सामर्थ्य मात्र त्याच्या अंगी अजून आलेले नसते. दिवसभर दाबून धरलेले रडू ते विश्वासाच्या माणसापाशीच मोकळे करते. त्या क्षणी शांतपणे जवळ बसून ‘तुला राग आलाय, होय ना?’ एवढे कोणी रोज म्हणत गेले, तर हळूहळू त्याला आपल्या भावनेचे नाव कळू लागते. यास पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि वेळ हीच येथील सर्वांत दुर्मिळ वस्तू होय. डोंबिवलीहून मुंबईचे शेवटचे स्थानक गाठण्यास जलद लोकलनेही सुमारे तास जातो. परतीचा तितकाच, शिवाय कचेरीचे आठ-नऊ तास. उरलेल्या संध्याकाळी स्वयंपाक, थोरल्याचा अभ्यास आणि धाकट्याची समजूत, सारेच उरकायचे. अशा वेळी चापट सर्वांत स्वस्त पडते.

वास्तविक याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीने, शिक्षेवाचून मूल वाढवता येते हे आदिवासी पाड्यांत दाखवून दिले. कायदा मात्र तेथवर पोचलेला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई करते. परंतु तो कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांचा. त्याहून लहानांसाठी सरकार व्यवस्था ‘करू शकेल’, एवढेच अकरावे कलम म्हणते.

२०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली, आईला दिवसातून चार भेटींची मुभाही मिळाली. पण कचेरी फोर्टात आणि घर डोंबिवलीत! सकाळी आठच्या गर्दीत दोन वर्षांचे मूल कडेवर घेऊन लोकलमध्ये कोण चढणार? आमच्या आईबापांना पाळणाघर हवे ते राहत्या गावच्या स्थानकालगत. जागा महापालिकेने द्यावी आणि प्रशिक्षित सेविकांच्या वेतनाचा वाटा मुंबईतील मालकांनी उचलावा. श्रम त्यांनाच मिळतात.